पोस्टफिक्समध्ये आपला कोड घालायचा, तर आधी ‘२५०’ कुठे म्हटलं जातं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फौंड्री आणि मशीनशॉप. स्वतःचा मेल सर्व्हर, उबुंटूवर पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारं). मालकांना तीन गोष्टी हव्यात: बाहेर जाणाऱ्या मेलखाली कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) असलेला फूटर, ग्राहकाचं ड्रॉइंग जोडलेला मेल बाहेर निघाला तर डिझाइन हेडच्या मंजुरीपर्यंत तो थांबावा, आणि ऑर्डरच्या पत्त्यावर येणाऱ्या पर्चेस ऑर्डरच्या पीडीएफ आपोआप ईआरपीत (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाव्यात. विचारणाऱ्याला सी आणि पायथन दोन्ही येतं. बेत असा आहे की पोस्टफिक्सचा सोर्स उतरवून घ्यायचा आणि हे सगळं त्यातल्या क्लीनअप या, मेल रांगेत लिहिणाऱ्या प्रोग्राममध्येच लिहायचं.

सोर्सला हात लावू नका. सी येत असलं की हात शिवशिवतात, कळतं. पण वीत्से व्हेनेमा यांनी १९९८ मध्ये पोस्टफिक्स बाहेर काढलं तेच मुळी अनेक लहान प्रोग्रामांचा संच म्हणून. मेल घेणारा वेगळा, रांगेत लिहिणारा वेगळा, बाहेर पाठवणारा वेगळा, आणि प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार. त्यात तुमचा पीडीएफ उघडणारा कोड कोंबला की ती रचनाच गेली. शिवाय देखभाल कोण करणार? डिसेंबर २०२३ मध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ची भानगड बाहेर आली (एसएमटीपी म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याची ठरलेली पद्धत). ओळ कुठे संपते यावर सर्व्हरांचं एकमत नसल्यामुळे एका मेलच्या पोटात दुसरा बनावट मेल घुसवता येत होता. ऐन नाताळाच्या तोंडावर पोस्टफिक्सच्या दुरुस्त आवृत्त्या आल्या. पॅकेज वापरणाऱ्यांचं काम एका अपडेटमध्ये झालं. स्वतःचा बदललेला सोर्स बाळगणाऱ्याला मात्र असे बदल दर वेळी हाताने जुळवत बसावं लागतं. आणि तुम्ही नोकरी सोडलीत तर? पुढच्याला ते बाड कोणी समजावून द्यायचं?

पोस्टफिक्सने बाहेरच्या कोडसाठी दारं ठेवली आहेत. कुठलं दार घ्यायचं हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: आपला कोड चालतो तेव्हा सर्व्हरने ‘२५०’ म्हटलेलं असतं की नसतं?

एसएमटीपीत पाठवणारा सगळा मजकूर देतो, शेवटी नुसत्या टिंबाची एक ओळ देतो आणि थांबतो. घेणाऱ्याने २५० हा आकडा दिला की मेलची जबाबदारी त्याच्यावर आली. तुमच्या स्टोअरच्या भाषेत सांगायचं तर गेटवरून परत लावलेली गाडी आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेला माल यात जो फरक, तोच इथे. २५० च्या आधी नकार दिला तर पुढचं पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने बघायचं. २५० नंतर नको वाटला तर तुम्हालाच बाउन्स (मेल पोहोचला नाही असं कळवणारा मेल) पाठवावा लागतो, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असेल तर तो बाउन्स कुठल्यातरी तिऱ्हाइताच्या माथी. असे बाउन्स जास्त झाले की तुमचाच आयपी काळ्या यादीत.

आता दारं. हेडर चेक्स आणि बॉडी चेक्स ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी. मेलमधला ठरावीक मजकूर शोधणाऱ्या या नियमांना एकेक हेडर (मेलच्या डोक्यावरची विषय, पाठवणारा अशी नोंद) किंवा मजकुराची एकेक ओळ कच्च्या रूपात दिसते, एन्कोडिंग उलगडलं जात नाही. विषयात ‘खरेदी आदेश’ असलेला मेल पकडायचा म्हणून तुम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना) लिहाल, पण तारेवरून येताना तिथे ‘खरेदी’ असं काही नसतंच. बेस६४ या एन्कोडिंगमधली अगम्य अक्षरं असतात. त्यातही एका एन्कोडेड शब्दाची मर्यादा ७५ अक्षरांची. आगापिछा वजा केला तर ४५ बाइट उरतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा-हलन्त वेगळे धरून जेमतेम १५ चिन्हं. मराठी विषय त्यामुळे दोन-तीन तुकड्यांत फाटून येतो. आपल्याकडे मराठी विषयांचे मेल सर्रास येतात, तेव्हा हा मार्ग विसरा.

पॉलिसी सर्व्हिसला फक्त पाकीट दिसतं: कोणाकडून, कोणाला, कुठल्या आयपीवरून. तुमच्या तिन्ही कामांत तिचा उपयोग नाही. (एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला आणि त्याच्या खात्यावरून स्पॅमचा पूर सुटला, तर ताशी मर्यादा घालायला मात्र ती नामी आहे. पुढेमागे करून ठेवा.)

उरले तीन. मिल्टर हा मूळचा सेंडमेलचा प्रकार. पोस्टफिक्सने तो २००६ च्या २.३ आवृत्तीपासून घेतला. तुमचा प्रोग्राम वेगळा चालतो, पोस्टफिक्स त्याला सॉकेटवरून मेल दाखवतं, आणि हे सगळं २५० च्या आधी. दुसरा, रांगेनंतरचा कंटेंट फिल्टर. इथे २५० म्हणून झालेलं असतं. पोस्टफिक्स मेल तुमच्या प्रोग्रामला १००२५ सारख्या पोर्टवर देतं आणि तुम्ही तो १००२६ सारख्या दुसऱ्या पोर्टवर परत करायचा. अमाविस (स्पॅम-व्हायरस तपासणारं सॉफ्टवेअर) बहुतेक ठिकाणी असंच बसवलेलं असतं. तिसरा, थेट डिलिव्हरीच्या वेळी: एलियसमधून (पत्त्याला जोडलेल्या नियमातून) पाइप, म्हणजे मेल सरळ एखाद्या स्क्रिप्टच्या हाती देणं, किंवा डव्हकॉटमधली सिव्ह स्क्रिप्ट (आलेल्या मेलचं काय करायचं याचे नियम).

फूटर आणि ड्रॉइंग, दोन्हींना मिल्टर. तोही फक्त सबमिशनवर, म्हणजे तुमची माणसं लॉगिन करून जिथे मेल देतात त्या ५८७ किंवा ४६५ पोर्टवर. मास्टर डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या सर्व्हिसच्या खाली वजा-ओ हा पर्याय देऊन मिल्टरची यादी तिथल्यापुरती बदलता येते. बाहेरून २५ पोर्टवर येणाऱ्या मेलला तुमचा कोड शिवणारच नाही. सगळ्यांना लागू असलेल्या मेन डॉट सीएफमध्ये सरसकट लावलंत तर ग्राहकाच्या मेलखालीही तुमचाच सीआयएन चिकटेल.

फूटर हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन लागतो, त्यामुळे सीए आग्रह धरणार आणि मालक ऐकणार, ते ठीक. पण एका मेलमध्ये साधा मजकूर आणि एचटीएमएल असे दोन भाग असतात, फूटर दोन्हींत घालावा लागतो. भाग बेस६४ मध्ये असेल तर उलगडून, जोडून, परत बांधायचा. मूळ मजकूर साध्या आस्कीत आणि तुमचा पत्ता देवनागरीत असेल तर त्या भागाचा कॅरेक्टर सेटही बदलायचा, नाहीतर समोर प्रश्नचिन्हांची रांग. डिजिटल सही केलेला किंवा कूटबद्ध मेल, मीटिंगचं आमंत्रण यांना हात लावायचा नाही. रिप्लायवर फूटर नको हे मालकांकडून आधीच कबूल करून घ्या. इन-रिप्लाय-टू हेडर दिसला की सोडून द्यायचं. नाहीतर दहाव्या उत्तराला दहा फूटर.

इथेच डीकेआयएम, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलवर सर्व्हरने केलेली डिजिटल सही, आडवं येतं. त्या सहीत मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो. सहीनंतर एक ओळ जरी वाढली तरी सही मोडते. म्हणून क्रम महत्त्वाचा: मिल्टरच्या यादीत आधी तुमचा फूटर, नंतर सही करणारं ओपनडीकेआयएम. पोस्टफिक्स यादीतल्या क्रमाने जातं आणि पुढच्याला आधीच्याने बदललेला मेल दाखवतं, त्यामुळे सही फूटरसकट होते. उलट, सही मिल्टरने आणि फूटर रांगेनंतरच्या फिल्टरने, अशी मांडणी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. तिची गंमत अशी की एसपीएफ (पाठवणारा आयपी त्या डोमेनचा अधिकृत आहे का ही तपासणी) पास होत असल्याने मेल पोहोचत राहतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. ग्राहकाच्या ऑफिसात कोणी तो मेल आपल्या दुसऱ्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करून ठेवला असेल, तर तिथे एसपीएफही पडतं आणि मेल स्पॅममध्ये जातो. तेव्हा जीमेलवर एक मेल पाठवा, ‘शो ओरिजिनल’ उघडा आणि डीकेआयएमपुढे ‘पास’ आहे का ते डोळ्यांनी बघा.

ड्रॉइंगचं काम जास्त मजेचं. फाइलच्या नावावर विसंबू नका. कोणीतरी डीडब्ल्यूजीचं नाव बदलून टीएक्सटी करणारच. फाइलचे पहिले बाइट वाचा. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजीची सुरुवात ‘एसी१०’ने होते, पुढचे आकडे आवृत्ती सांगतात: २०१३ च्या स्वरूपाला १०२७, २०१८ च्या स्वरूपाला १०३२. स्टेप (त्रिमितीय मॉडेलची) फाइल ‘आयएसओ-१०३०३-२१’ या अक्षरांनी सुरू होते. झिप असेल तर आत बघा, पण किती थर आणि किती एमबीपर्यंत याला मर्यादा घाला. पीडीएफमधलं ड्रॉइंग ओळखायचा खटाटोप करू नका. बाहेर जाणारी पीडीएफ कोटेशन आहे की ड्रॉइंग हे तुमचा कोड खात्रीने सांगू शकणार नाही. त्यासाठी डिझाइन विभागाच्या टायटल ब्लॉकमधला एखादा ठरावीक मजकूर शोधणं एवढंच हाती आहे. आणि ज्याला ड्रॉइंग बाहेर न्यायचंच आहे तो स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲप करेल. ही व्यवस्था चुकून जाणाऱ्या मेलसाठी आहे, हे मालकांना आधीच सांगा.

ड्रॉइंग सापडलं आणि पाकिटावर एक जरी बाहेरचा पत्ता असला, तर मिल्टरने ‘क्वारंटाइन’ सांगायचं. पोस्टफिक्स तो मेल होल्ड रांगेत ठेवतं. पोस्टक्यू -पी चालवलंत की अशा मेलच्या क्रमांकापुढे उद्गारचिन्ह दिसतं. पोस्टकॅट -क्यूने तो वाचता येतो, पोस्टसुपर -एच (इंग्रजी मोठा) देऊन सोडता येतो, -डी (लहान) देऊन उडवता येतो. होल्डवर असताना रांगेतल्या मेलची नेहमीची पाच दिवसांची मुदत लागू होत नाही, त्यामुळे डिझाइन हेड आठवडाभर रजेवर गेले तरी मेल मरत नाही. मात्र पाच जणांना पाठवलेल्या मेलमध्ये एकच बाहेरचा असला तरी पाचही जणांचा मेल थांबतो, हे लोकांना सांगून ठेवा.

पोस्टसुपरला रूट (सर्व्हरचे सर्वाधिकार) लागतो, आणि डिझाइन हेडना रूट द्यायचा नाही हे उघड आहे. छोटं वेबपेज करा, त्यामागे सुडोने (तेवढ्या कामापुरता रूटचा अधिकार घेऊन) चालणारी एकच स्क्रिप्ट. तिला रांगेतला क्रमांक द्यायचा आणि क्रमांकात अक्षरं-आकड्यांशिवाय काही नको अशी तपासणी ठेवायची. पण एवढ्यावर थांबू नका. इंग्रजी मोठ्या लिपीतला ‘ऑल’ हा शब्दही नुसत्या अक्षरांचाच आहे, आणि पोस्टसुपर -डी ला तो दिला की सगळी रांग साफ. तो शब्द मुद्दाम नाकारा, आणि दिलेला क्रमांक खरोखर होल्डवर आहे का तेही बघा.

आता, तुमचा प्रोग्राम बंद पडला तर? मिल्टरशी बोलणं झालं नाही तर पोस्टफिक्स मुळात तात्पुरता नकार देतं. दोन सर्व्हर बोलत असतील तर हे उत्तम, समोरचा नंतर परत येतो. पण सबमिशनवर समोर सर्व्हर नसतो, अकाउंट्समधल्या मॅडमचं आउटलुक असतं. त्यांना एरर दिसते, मेल आउटबॉक्समध्ये अडकतो आणि तुमचा फोन वाजतो. फूटरसाठी एवढं महाभारत कशाला? फूटर नसला तरी मेल जाऊ द्या. ड्रॉइंगचा तपास बंद असेल तर मात्र मेल थांबलेलाच बरा. म्हणून दोन कामांचे दोन स्वतंत्र मिल्टर करा. पोस्टफिक्स ३.० पासून प्रत्येक मिल्टरला वेगळी डिफॉल्ट ॲक्शन देता येते, महिरपी कंसात पत्त्यासोबत लिहून: फूटरला ‘ॲक्सेप्ट’, ड्रॉइंगला ‘टेम्पफेल’. मजकूर तपासायला पोस्टफिक्स ३०० सेकंद वाट बघतं, पण तेवढा वेळ वापरायचा नसतो. पाठवणारा पडद्यासमोर बसलेला आहे.

पायमिल्टर (पायथनमध्ये मिल्टर लिहायची लायब्ररी) वापरणार असाल तर एक जागा सांभाळा. एकाच कनेक्शनवरून एकामागून एक मेल येऊ शकतात. ‘ड्रॉइंग सापडलं’ ही खूण ऑब्जेक्टमध्ये ठेवलीत आणि नवीन पाठवणारा आला तेव्हा पुसली नाहीत, तर पुढचा निरपराध मेलही होल्डवर जातो. चाचणीत हे कधी सापडत नाही, कारण चाचणीत आपण एकेकच मेल पाठवतो. मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो, तो साठवायचा, आणि बदल फक्त शेवटच्या टप्प्यात करता येतो. सगळं बाइट्समध्ये ठेवा. मेलला सरळ यूटीएफ-८ समजून डीकोड केलंत तर पहिल्याच मोडक्या मेलवर प्रोग्राम आपटेल. इंटरनेटवरची जुनी उदाहरणं पायथनच्या एसएमटीपीडी मॉड्यूलवर आहेत, ते ३.१२ मधून काढून टाकलंय. तसलं काही लागलंच तर एआयओएसएमटीपीडी बघा.

तिसरं काम, ऑर्डर ते ईआरपी. इथे माझं मत ठाम आहे: हे मेलच्या वाटेत करूच नका. सरळ पाइप लावलात आणि ईआरपीचा डेटाबेस बंद असताना स्क्रिप्ट १ कोडने बाहेर पडली, तर पोस्टफिक्स त्याला कायमचं अपयश समजतं आणि ग्राहकाला बाउन्स जातो. स्क्रिप्टने छापलेला मजकूरही त्या बाउन्समध्ये जातो. ग्राहकाच्या पर्चेस विभागाला तुमचा पायथनचा ट्रेसबॅक (एररचा तपशील)! पाइप लावायचाच असेल तर तात्पुरत्या अडचणीला ७५ हा एक्झिट कोड; त्याने मेल रांगेत राहतो आणि पुन्हा प्रयत्न होतो. पण रांगेची मुदत मुळात पाच दिवसांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी एमआयडीसीत जाऊन काही दुरुस्त करता येत नाही, आणि पाच दिवस कधी संपतात कळतही नाही.

त्यापेक्षा मेल साध्या मेलबॉक्समध्ये पडू द्या. २५० म्हटलं, मेलडिरमध्ये (प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवणाऱ्या मेलबॉक्समध्ये) फाइल आली, मेल सर्व्हरचं काम संपलं. मेलडिरमध्ये फाइल आधी ‘टीएमपी’त पूर्ण लिहिली जाते आणि मग ‘न्यू’मध्ये सरकवली जाते, त्यामुळे अर्धवट फाइल दिसायची भीती नाही. एक वेगळा जॉब दर मिनिटाला येईल, नवीन मेल वाचेल, पीडीएफ काढेल, ईआरपीत टाकेल आणि मेल ‘झाले’ फोल्डरमध्ये हलवेल. ईआरपी दोन दिवस बंद राहिली तर मेल तिथेच पडून राहतील, ग्राहकाला कळणारही नाही.

एकच मेल दोनदा येऊ शकतो हे गृहीत धरा. टिंबानंतर उत्तरासाठी पाठवणाऱ्याने दहा मिनिटं थांबावं असं एसएमटीपीचं २००८ चं मानक सांगतं. पण तुमचं २५० वाटेत हरवलं तर तो बिचारा परत पाठवणारच. २०० नगांच्या कास्टिंगची ऑर्डर ४०० ची झाली तर फर्नेसवरची माणसं तुमच्या नावाने खडे फोडतील. म्हणून मेसेज-आयडी आणि पीडीएफचा हॅश नोंदवून ठेवा. नुसता पीओ नंबर मात्र धरू नका, कारण अमेंडमेंट त्याच नंबरवर येते आणि तुमचा जॉब तिला डुप्लिकेट समजून गिळून टाकेल. ईआरपीत एंट्री ड्राफ्ट म्हणूनच जावी, कन्फर्म माणसाने करावं. फ्रॉममधला पत्ता कोणीही लिहू शकतो. तो खरा आहे का या तपासणीचा निकाल सांगणारा ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स हेडर बघायचा तर फक्त तुमच्या सर्व्हरच्या नावाने लिहिलेलाच धरा.

हे सगळं वाचूनही रांगेनंतरचा फिल्टरच घ्यायचा ठरवलात, तर दोन खड्डे. स्क्रिप्ट सेंडमेल कमांडने मेल परत देत असेल आणि कंटेंट फिल्टर मेन डॉट सीएफमध्ये सरसकट लावला असेल, तर परत दिलेला मेल पुन्हा फिल्टरकडे जातो, आणि ‘फार फेऱ्या झाल्या’ म्हणून पोस्टफिक्स तो बाउन्स करेपर्यंत हे चक्र चालतं. दुसरं, एलियस आणि बीसीसीचे नियम दोनदा चालतात. मालकांना प्रत्येक मेलच्या दोन-दोन प्रती जायला लागल्या की कारण बहुधा हेच. पहिल्या फेरीत रिसीव्ह ओव्हरराइड ऑप्शन्समध्ये ‘नो ॲड्रेस मॅपिंग्ज’ द्या.

चाचणीसाठी स्वॅक्स (चाचणीचे मेल पाठवणारं साधन) वापरा आणि सबमिशनची दुसरी प्रत वेगळ्या पोर्टवर उभी करा, चालू ५८७ ला धक्का न लावता. सॉफ्ट बाउन्स चालू ठेवलंत तर चाचणीच्या काळात कायमचे नकार तात्पुरते होतात. रिकाम्या मजकुराचा मेल, कंटेंट-टाइपच नसलेला मेल, मराठी नावाची अटॅचमेंट, आणि मोठी फाइल हे चार तरी पाठवून बघा. मोठ्या फाइलचं गणित: पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटची, आणि बेस६४ मुळे फाइल तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त फुगते, म्हणजे साडेसात एमबीच्या पुढचं ड्रॉइंग तुमच्या मिल्टरपर्यंत पोहोचायच्या आधीच नाकारलं जातं. ‘फिल्टर चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी हा आकडा बघा.

सुरुवात ईआरपीच्या जॉबने करा, त्याने काही मोडत नाही. ड्रॉइंगचा मिल्टर पहिले काही आठवडे फक्त लॉगमध्ये ‘हा थांबवला असता’ एवढं लिहू दे, आणि तो लॉग डिझाइन हेडसोबत बसून वाचा. कुठली फाइल उगाच अडते हे त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. फूटर सगळ्यात शेवटी.